सकाळी उंच, संध्याकाळी सपाट

‘हे पहिल्यांदा कधी सुजलं?’ असं डॉक्टरबाईंनी मला विचारलं आणि उत्तर ताईनं दिलं. ‘नवव्या वर्षी. गालफुगी झाली होती. नऊ दिवस होती.’ ताईला आकडे पाठ असतात. माझे तर माझ्यापेक्षा जास्त. बाईंनी लिहून घेतलं. पंखा चालू होता, बाहेर कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं, तरी कागदावरून पेन गेल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. पंचेचाळीस वर्षांत ही गोष्ट पहिल्यांदाच कोणीतरी कागदावर घेत होतं. नाही, पुन्हा सांगतो. पहिल्यांदा नव्हे. आधी दोनदा ती कागदावर आली होती. एकदा वडिलांच्या हातून, पिवळ्या कागदावर. एकदा ताईच्या हातून, वहीच्या मागच्या पानावर. पण तेव्हा कागद माझ्याकडे बघत नव्हता. आता बघत होता.

बाईंनी हातमोजा चढवला, एक बोट माझ्या गालाच्या आत घातलं आणि दुसऱ्या हातानं कानापासून पुढे दाबत आणलं. गालाखाली काहीतरी कुरकुरलं. ओल्या वाळूत पाय पडल्यावर होतं तसं. तोंडात खारट चव आली. ‘फेस येतोय,’ बाई म्हणाल्या, मला नाही, बोटाला. मग मला: ‘काम काय करता?’ काचेचं, मी म्हणालो. प्रयोगशाळेची भांडी बनवतो, विद्यापीठाच्या तळघरात. चंबू, नळ्या, वेटोळी. ‘म्हणजे फुंकता.’ फुंकतो. ‘फुंकताना गाल फुगतो?’ इथं मला थांबायला हवं होतं. ‘आम्ही गाल आत धरून फुंकतो,’ मी म्हणालो. खोटं नाही. आम्ही म्हणजे आमचा धंदा, आणि धंद्यात गाल आतच धरतात. मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ‘फुंकर पोटातून. गाल म्हणजे दाराची चौकट. चौकट हलली की घर हललं.’ माझी चौकट पहिल्या दिवसापासून हलत होती. मोठा चंबू करायला घेतला की डावा गाल पावासारखा वर यायचा आणि पलीकडच्या बाकावरचा काचवाला ओरडायचा, ‘अरे फुगा, काच फुगव, स्वतः नको!’ तेव्हापासून तळघरात माझं नाव फुगा. बाईंना मी यातलं काही सांगितलं नाही. ‘आम्ही’ या शब्दामागे उभा राहिलो, लहान मूल मोठ्यांच्या पायांमागे उभं राहतं तसा.

बाईंनी समोरच्या पडद्यावर माझ्या डोक्याचं करड्या रंगाचं चित्र आणलं आणि कानापुढची जागा पेनानं दाखवली. ही लाळेची ग्रंथी. आत सगळे व्रण. वर्षभरात चारदा सुजली, चारदा पू झाला, औषधं झाली, बारीक नळी घालून धुऊन झाली. आता काढायची. अवघड एवढंच की चेहऱ्याची नस हिच्या पोटातून जाते आणि पंजासारखी पाच बोटांनी पसरते. ती पाची बोटं सोडवून मग ग्रंथी काढायची. ‘पण कारण मला पक्कं हवं. गालफुगीनंतर मागे राहिलेला दाह असेल, तर काढली की विषय संपला. महिन्यानं नळी तोंडात धरा. पण फुंकरीची हवा आत शिरत असेल, तर आज ही गेली, उद्या दुसरी बाजू. मग फुंकणं बंद. कायमचं.’ ताई चटकन म्हणाली, ‘गालफुगीच हो. मी होते ना घरात. माझ्या हातांनी शेकलंय.’ बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नक्की कशी हलवली ते आता आठवत नाही, पण त्या मानेवर माझं काम टिकलं एवढं खरं.

घरी येताना ताई मला आंबट गोळ्यांचं पाकीट घेऊन देत होती (आंबट चघळलं की लाळ वाहते, नळी मोकळी राहते, असं बाईंनी सांगितलं होतं) आणि दुकानदाराशी वाद घालत होती. ‘या आंबट आहेत का नुसत्या हिरव्या आहेत?’ मी तिच्या पाठीकडे बघत होतो. बासष्ट वर्षांची पाठ, सरळ. बायको गेली तेव्हा ती दोन पिशव्या घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘तुझी हरकत असली तर आत्ताच सांग, पिशव्या अजून सोडलेल्या नाहीत.’ एकतीस वर्षं तिनं भूमापन कचेरीच्या दप्तरखान्यात काढली. लोक यायचे, आपल्या जमिनीचा नंबर सांगायचे, ती कपाटातून त्यांचा नकाशा शोधून द्यायची. ‘नकाशे काढायचे होते,’ ती पाहुण्यांना सांगायची, ‘शेवटी कपाटातूनच काढले.’ पाहुणे हसायचे. मीही हसायचो. हसताना माझा डावा गाल थोडा मागे राहायचा.

काय झालं होतं ते सरळ सांगायला हवं. मी नऊ वर्षांचा. शाळेत सोळा कडव्यांची कविता उभं राहून म्हणायची होती, आणि माझी सहाव्या कडव्याला बोबडी वळायची. मागच्या बाकावर कर्णा वाजवणाऱ्याचा मुलगा बसायचा. त्यानं मला दाखवलं: नाक चिमटीत धरायचं, ओठ घट्ट मिटायचे आणि बंद तोंडात जोर करून फुंकायचं. कानात पॉक असं वाजतं आणि कानापुढचा गाल टरारून वर येतो. दोनेक तास तसाच राहतो. दुखत नाही. त्याचे दोन्ही यायचे, माझा फक्त डावा आला. वडिलांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. वडील आरोग्य खात्यात होते. साथ आली की घरोघर जाऊन दाराला पिवळा कागद लावणं हे त्यांचं काम: या घरात सांसर्गिक रोग आहे, नऊ दिवस आत-बाहेर बंद. लोक दारातून त्यांना शिव्या द्यायचे, ते खाली मान घालून खळ लावायचे. त्या दिवशी त्यांनी तो कागद आमच्याच दाराला लावला. आई म्हणत होती, ‘अहो, पोरीला तरी जाऊ द्या. परवा तिची परीक्षा आहे.’ वडील म्हणाले, ‘मग उद्या दुसऱ्याच्या दारात कोणत्या तोंडानं उभा राहू?’ परीक्षा नकाशे काढायच्या शाळेची होती. वर्षातून एकदा व्हायची, मोठ्या शहरात. ताई सतरा वर्षांची. तिची पेटी भरून दाराशी ठेवलेली होती. ती नऊ दिवस तिथेच राहिली. येता-जाता सगळे तिला वळसा घालायचे.

नऊ दिवस. गाल दोन तासांत बसतो. म्हणजे रोज पहाटे मोरीत जाऊन, कडी लावून, नाक धरून मला तो पुन्हा चढवावा लागायचा. एकदा सुरू केलेलं थांबवता येईना. थांबवलं असतं तर एका दिवसात बरी होणारी ही कसली गालफुगी असं कोणीतरी विचारलं असतं. चौथ्या दिवशी कानापुढे खरंच दुखायला लागलं आणि मला हायसं वाटलं. आता थोडं तरी खरं होतं. ताई माझ्या उशाशी बसून मीठ तव्यावर तापवून पुरचुंडीनं गाल शेकायची. तिला हात रिकामे ठेवता येत नसत. तिनं शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेतला, कानाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत गालावरून टाकला, नखानं धरला आणि फूटपट्टीला लावला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. वहीच्या मागच्या पानावर तिनं माझा गाल काढला, डोंगर काढतात तसा: सारख्या उंचीच्या रेषा, एकात एक. ‘बघ छोट्या, हे तुझं शिखर.’ मला गुदगुल्या व्हायच्या. त्या नऊ दिवसांइतकं माझ्याकडे पुढे कोणीही निरखून पाहिलं नाही. तिसऱ्या की पाचव्या दिवशी तिनं खाली लिहिलं: सकाळी उंच, संध्याकाळी सपाट. मग ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. दोरा ताणला जातोय म्हणून तिनं दोरा बदलला. शेजारणीकडून खिडकीतून दुसरी फूटपट्टी मागून घेतली. तीन-तीनदा मोजलं. दहाव्या दिवशी वडिलांनी कागद काढला आणि ताईनं पेटी रिकामी केली. पुढच्या वर्षी परीक्षेचा फॉर्म पुन्हा आला तेव्हा तिनं तो कपाटाच्या खणात तळाशी अंथरला. आई म्हणाली, मन उडालं पोरीचं. आम्ही सगळ्यांनी ते धरून ठेवलं. सोपं होतं धरायला.

पण ही गोष्ट सांगतानाही मी एका ठिकाणी गाल आत धरलाय. कविता शनिवारी होती. मी गाल शुक्रवारी फुगवला. हे बरोबर. पण कविता म्हणायची नव्हती तर डोकं दुखतं म्हटलं असतं तरी चाललं असतं, पूर्वी चाललं होतं. मग गालच का? कारण पिवळ्या कागदानं दार बंद होतं, हे वडिलांच्या मुलाला ठाऊक नसेल तर कोणाला? आणि पेटी दाराशी होती. आणि मला कोणीतरी सांगितलं होतं की ती शाळा तीन वर्षांची असते, तिथंच राहायचं असतं. मला माहीत होतं का? पुन्हा. मला माहीत होतं. नऊ वर्षांच्या मुलाला जितकं माहीत असू शकतं तितकं, म्हणजे सगळं.

तळघरात एक साधं यंत्र आहे. दोन काळपट काचा, मागे दिवा. तयार भांडं त्यांच्यामध्ये धरलं की आत ताण राहिला असेल तिथं रंग दिसतात: मोरपिशी, पिवळे, फार सुंदर. सुंदर दिसलं की समजायचं, भांडं वाया. ते भट्टीत घालून पुन्हा तापवायचं आणि रात्रभर हळूहळू निवू द्यायचं. घाईनं निवालेली काच नुसत्या डोळ्यांना अगदी शहाणी दिसते. कपाटात वर्षभर उभी राहते. मग एखाद्या दुपारी, कोणीही हात न लावता, टक् असा आवाज होतो. मी असा आवाज तीनदा ऐकलाय. दर वेळी सगळ्यांनी मान वर केली आणि मी खाली घातली. आठवडाभर मी ऑपरेशनआधीची राहिलेली कामं संपवत होतो. शेवटचं एक वेटोळं होतं, नळीच्या आत नळी, आतली सापासारखी वळलेली. गुलाबी चष्म्यातून ज्योत फिकी दिसते आणि काच तेवढी उजळ; रबरी नळी दातांत, दोन्ही हात फिरतायत, आणि एक बारीक फुंकर, दोरा ओवताना धरतो तेवढ्याच श्वासाची. हे मला येतं. जगात मला एवढंच येतं. गप्प राहिलो तर महिन्यानं मी पुन्हा इथं. बोललो तर हे वेटोळं शेवटचं. आणि ताई? बोललो तर ताई. ते वाक्य माझ्याच्यानं पुरं होईना. पलीकडचा काचवाला म्हणाला, ‘फुग्या, महिनाभर तुझं बाक मी कोणाला देत नाही, काळजी करू नकोस.’ मी वेटोळं त्या दोन काचांमध्ये धरलं. रंग नव्हते. माझ्या हातून इतकं स्वच्छ काम क्वचित झालं होतं. गाल मात्र दुपारपर्यंत टरारला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आठला दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो होतो. मला उपाशी ठेवलेलं, अंगात त्यांचा पाठीमागे नाड्या बांधायचा झगा. ताई मांडीवर फॉर्म घेऊन भरत होती. तिचं अक्षर अजून नकाशावरच्या गावांच्या नावांसारखं आहे, बारीक, उभं. ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात तिनं लिहिलं: गालफुगी, वय नऊ. मी म्हणालो, ‘ते खोड.’

‘काय खोड?’

‘गालफुगी.’

‘अरे, तुला आठवत नसेल. मला आठवतंय. नऊ दिवस...’

‘ताई, मला झालीच नव्हती.’

तिनं चष्मा वर केला. मी तिच्याकडे न बघता समोरच्या भिंतीला सांगितलं. कर्णेवाल्याचा मुलगा, नाक, मोरी, कडी, रोज पहाटे. वाक्यं छोटी येत होती, मोठी करायला श्वास नव्हता. एक बाई बादली घेऊन फरशी पुसत आमच्यापर्यंत आली आणि म्हणाली, ‘पाय वर घ्या.’ आम्ही दोघांनी शाळेतल्या मुलांसारखे पाय वर घेतले. ती पुढे गेली. पाय खाली ठेवताना ताईनं विचारलं, ‘कवितेसाठी?’

हो म्हणायला एवढी रुंद वाट तिनंच करून दिली होती. मी तोंड उघडलं. तोंडात थेंबभर लाळ नव्हती.

‘तुझी परीक्षा परवा आहे हे ठाऊक होतं मला,’ मी म्हणालो.

मी वाट बघत होतो: ती उठेल, ओरडेल, आईचं नाव घेईल, माझ्या फुगलेल्या गालावर एक ठेवून देईल. तिची बोटं मांडीवर हलत होती, अंगठा आणि तर्जनी एकमेकांपासून दूर जात होती, जवळ येत होती. मग ती म्हणाली, ‘म्हणजे माझं मोजमाप बरोबर होतं.’

‘काय?’

‘सकाळी उंच, संध्याकाळी सपाट. सूज अशी वागत नाही. मी दोरा बदलला, पट्टी बदलली. मग वाटलं, माझाच हात हलतोय. ज्याला सख्ख्या भावाचा गाल मोजता येत नाही तो डोंगर काय मोजणार?’

‘पुढच्या वर्षी फॉर्म आला होता. आई म्हणाली, मन उडालं...’

‘आईला काय माहीत? मन कुठं उडालं होतं? हात हलत होता.’ तिनं उजवा हात समोर धरला, पालथा. तो हलत नव्हता. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

आणि मला पडदे आठवले. घरी खिडकीला साधा पडदा शिवायचा तरी ताई दुकानातल्या माणसाला मापाला बोलावते. ‘एवढी नकाशेवाली तू,’ मी चिडवायचो, ‘तुला खिडकी मोजता येत नाही?’ ती म्हणायची, ‘ज्याचं काम त्यानं करावं.’ किती वेळा चिडवलं असेल? मला वाटत होतं, मी तिची एक परीक्षा हिरावली. ते कर्ज मी पंचेचाळीस वर्षं मनात बाळगलं, त्याच्यावर जवळजवळ माया केली. आणि ते तर किरकोळ निघालं. मी तिचा हातच हिरावला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

तिनं पिशवीतून औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा काढला, कड म्हणून कागदावर धरला आणि ‘गालफुगी’वर एक सरळ रेघ मारली. वर लिहिलं: हवा. स्वतः भरलेली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, आणि पुढे कामात. खाली नातेवाईक म्हणून सही केली. फॉर्म माझ्या मांडीवर ठेवला, उठली आणि ‘येते’ म्हणाली. कुठून, कधी, काही नाही. व्हरांडा अजून ओला होता. तिच्या चपलांचे ठसे दारापर्यंत गेले, आणि मला आत नेईपर्यंत एकेक करून वाळले.

डॉक्टरबाईंनी आत दिव्याखाली फॉर्म वाचला. तोंडावर फडकं असल्यानं फक्त डोळे दिसत होते. ‘मग नळी बंद,’ त्या म्हणाल्या. मी म्हणालो, ‘बंद.’ शब्द उच्चारायला दोन्ही ओठ लागतात, दोन्ही लागले. पुन्हा लागतील का कोणास ठाऊक, असा विचार करत असतानाच कोणीतरी म्हणालं, मोठा श्वास घ्या. मी घेतला. पोटातून, गाल आत धरून. मास्तरांना आवडला असता.

दुपारी जागा झालो तेव्हा डोक्याला पट्टी, कानामागून एक बारीक नळी बाहेर आलेली, डावा गाल कोणा दुसऱ्याचा. खाटेशेजारची खुर्ची रिकामी. मी तिच्याकडे बघत पुन्हा झोपलो, पुन्हा उठलो, खुर्ची तशीच. उन्हाची पट्टी फरशीवरून खुर्चीच्या पायापर्यंत आली तेव्हा डॉक्टरबाई आल्या. ‘पाची फांद्या शाबूत आहेत,’ त्या म्हणाल्या, ‘पण खालची एक फार चिकटलेली होती. दुखावलीय. दोनेक महिने रुसून बसेल. बघू या. भुवया वर. छान. डोळे घट्ट मिटा. छान. दात दाखवा.’ दाखवले, ओठाचा डावा कोपरा आला नाही, हे आरसा नसतानाही कळलं. ‘आता गाल फुगवा.’

डोळे उघडले तर ताई खाटेच्या पायथ्याशी उभी. केस वाऱ्यानं विस्कटलेले, हातात कागदाची पिशवी. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘अहो, फुगवा की. घाबरू नका, आता तिथं हवा जायला जागाच ठेवलेली नाही.’ मी ताईकडे बघत ओठ मिटले. नाक धरलं नाही एवढंच. उजवा गाल वर आला. डावीकडून हवा फस्स करून निसटली आणि हनुवटीवर थोडी लाळ आली. ती पुसायला माझा हात उठेना.

ताईनं पिशवीतून काळ्या दोऱ्याचं रीळ काढलं. मग स्टीलची फूटपट्टी, नवी कोरी, किमतीचा कागद अजून चिकटलेला. डॉक्टरबाईंना म्हणाली, ‘जरा सरका हो.’ त्या सरकल्या. कानाशी बँडेज होतं, म्हणून तिनं दोरा माझ्या नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत धरला, आधी उजवीकडे, मग डावीकडे. दर वेळी नखानं पकडून पट्टीला लावला, डोळे बारीक करून. दोनदा नाही, तीनदा नाही, एकदाच. मग खाटेशी ठेवलेल्या माझ्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला आकडे लिहिले आणि त्यांच्याकडे न बघता कागद उशाशी ठेवला.

‘पाच मिलिमीटर खाली आहे डावा,’ ती डॉक्टरबाईंना म्हणाली. मग मला, ‘रोज सकाळी आणि संध्याकाळी मोजणार आहे मी. आणि या वेळी आकडे जुळले नाहीत तर पट्टी बदलणार नाही.’

मी काहीतरी बोलायला गेलो. तिनं दोरा पुन्हा ताणला.

‘बोलू नकोस, माप हलतं. फुगव. नऊ दिवस न चुकता जमलं होतं की तुला.’

मी फुगवला. हवा निसटली.

‘पुन्हा,’ ताई म्हणाली.